चौदा स्क्रूंचं बटण

आमच्या दादाला बाजारात कुणी नावानं ओळखत नाही. सगळे त्याला 'अजूनतरी' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण दुकानाची पायरी उतरली की म्हणतात, आणि दादाला ते पक्कं ठाऊक आहे. गिऱ्हाईक नवा कॉम्प्युटर न्यायला येतं, दादा बटण दाबतो, पडदा उजळतो, गिऱ्हाईक खूश होऊन विचारतं, चालतोय ना? दुसरा कुणी दुकानदार म्हणाला असता, नुसता पळतोय. आमचा दादा कॅबिनेटच्या पाठीमागे तळहात धरून हवा गरम येते की गार ते बघतो, थोडा थांबतो आणि म्हणतो, "अजून तरी."

असं बोलून धंदा कसा चालायचा, हे मला कधी कळलं नाही. पण चालतो. लोक हसतात आणि त्याच्याकडेच येतात, कारण त्यानं निवडलेली वस्तू सहसा बिघडत नाही. बिघडायच्या आधी तोच घाबरून बदलून देतो.

हा घाबरटपणा जन्मापासूनचा नाही. एकोणिसाव्या वर्षी त्यानं पहिला कॉम्प्युटर जोडला, एका वकिलांसाठी. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं स्वतः निवडलेलं. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एक डबा आत असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. त्या काळी त्या डब्याच्या पाठीवर एक बारका लाल खटका असायचा, किती दाबाची वीज घ्यायची ते ठरवणारा. दादानं तो पाहिलाच नव्हता. वकिलांच्या बैठकीच्या खोलीत प्लग लावला आणि असा काही धमाका झाला की घरभर अंधार, धूर, आणि त्यांचं कुत्रं पलंगाखाली जे गेलं ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. तेव्हापासून दादा कुठलाही प्लग लावण्याआधी तीनदा मागे वाकून बघतो. आता ते खटके येतसुद्धा नाहीत, तरी बघतो. अंगातली वीज नाजूक भागांना लागू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधतो, तो तर एकदा तसाच बांधून जेवायला बसला होता. पट्ट्याची तार आमटीत बुडालेली.

दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. मागे बोळासारखा अरुंद रस्ता, त्याला एक दार, आणि दारामागे आमच्या दोन खोल्या. दुकानावरची पाटी अजून रेडिओदुरुस्तीची आहे, कारण दुकान मुळात काकाचं. आई आणि बाबा एकाच वर्षात गेले तेव्हा दादा बारा वर्षांचा होता आणि मी सात. काकानं लग्न केलं नव्हतं. त्यानं आम्हा दोघांना वाढवलं, दादाला तारा जोडायला शिकवलं, आणि माझं तोंड सुटलं की मला 'ठिणगी' म्हणायला सुरुवात केली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, अडीचला घरी येते, आणि ते नाव मला अजून लागू पडतं असं घरात सगळ्यांचं मत आहे.

काकाचं सगळं काम कानावर. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं आणि बिघाडाचं वर्णन करायला लागलं की काका हात वर करायचा. "सांगू नका, ऐकवा." मग डोळे मिटून ऐकायचा. खरखर कुठली, घरघर कुठली, गुणगुण कुठली, यावरून आतला कुठला भाग गेलाय ते सांगायचा, आणि मग झाकण उघडायचा. दादाच्या कॉम्प्युटरांवर त्याचा राग होता तो एवढ्याचसाठी. त्यांच्या पंख्यांनी त्याचं ऐकणं बिघडायचं. "तुझी गिरणी बंद कर रे," असं तो दिवसातून दहा वेळा ओरडायचा. दादा गिरणी बंद करायचा.

चार वर्षांपूर्वी काकाच्या हातातून तारांना डाग द्यायची सळई निसटली. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग जिना चढताना पाय अडायला लागले, मग चमचा धरवेना. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते लांबलचक होतं, अर्थ तेवढा लक्षात राहिला. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून वाळत जाणार. डोकं शाबूत राहील, कान शाबूत राहतील. हे डॉक्टर आम्हाला धीर देण्यासाठी म्हणाले. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

गेल्या वर्षी जीभ जड झाली. बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या एक बाई यायच्या, काका त्यांना 'वाचेच्या बाई' म्हणायचा. त्यांनी दादाला बोळात नेऊन सांगितलं की शब्द आता महिना टिकतील, फार तर दोन. त्यानंतर काकाला कॉम्प्युटर लागेल. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळतात, हवं ते अक्षर आलं की एक बटण दाबायचं, शब्द जुळला की कॉम्प्युटर बोलतो. तयार मिळतं, पण मागवून यायला सहा महिने. आणि बोलण्यापेक्षा मोठी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. काकाला आता थुंकी गिळता येत नाही. घशात साठली आणि कुणी पुसून काढली नाही, तर श्वास कोंडेल. वेळ थोडा असतो. काकाला हाक मारता आली पाहिजे.

दादा म्हणाला, मी जोडतो. आणि ते बोलल्या क्षणापासून त्याची झोप उडाली.

दुसऱ्याचा कॉम्प्युटर तो दोन दिवसांत ठरवायचा. हा ठरेना. रोज नवी यादी. प्रोसेसर साधाच घ्यायचा, कारण जोरकस घेतला तर तापतो, आणि तापलेला कधी बंद पडेल सांगता येत नाही. मग वाटायचं, साधा घेतला आणि ऐन वेळी अडकला तर? मदरबोर्ड असा हवा की वीज गेली आणि परत आली की कुणी हात न लावता आपोआप सुरू होईल. असे तीन मिळाले, तिघांवर कुणी ना कुणी काहीतरी वाईट लिहिलेलं. साठवणीसाठी फिरती डिस्क नकोच, आणि न फिरणाऱ्या दोन हव्यात, एकीत आहे तेच दुसरीत. एसएमपीएस तर त्यानं चार वेळा मागवला आणि चार वेळा परत केला. त्याची पाठ बघायचा, वास घ्यायचा, आणि परत खोक्यात घालायचा. मी म्हटलं, मुलगी बघायला गेलायस का. तो हसला नाही.

तिकडे काकाचे शब्द गळत होते. आधी 'र' गेला, मग 'स', मग नुसते सूर राहिले आणि आम्ही अंदाज करायचो. एका दुपारी काका पाणी मागतोय असं समजून मी अर्धा पेला पाजला, आणि त्याला उशी हवी होती. मी पेला मोरीत आपटला आणि दुकानात गेले.

"तू निवडत बस," मी म्हटलं. "तुझी निवड होईल तेव्हा पलंगावर कुणी नसेल."

गिऱ्हाईक समोर होतं. दादानं मान खाली घातली, मनगटाचा पट्टा सोडला, परत बांधला. मला लगेच वाईट वाटलं, पण ते मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे भाग आले.

राहिलं बटण. बाकीचं सगळं यंत्र त्या बटणाच्या पलीकडे, आणि अलीकडे काकाच्या उजव्या हाताचं एक बोट. तेवढंच हलत होतं. दादानं एक युक्ती काढली. कागदी पेल्याला दोरा बांधायचा, दोऱ्याचं टोक काकाच्या बोटाला, आणि पेल्यात कॅबिनेटचे स्क्रू एकेक टाकत जायचं. बोट किती स्क्रू तोलून धरतं ते मोजायचं. मग तोच पेला बटणावर ठेवायचा आणि ते किती स्क्रूंनी दबतं ते मोजायचं. पायानं दाबायचं पेडल आणलं होतं, त्याचे स्क्रू मोजायचे सोडूनच दिले. खेळाच्या यंत्राचं मोठं रंगीत बटण, ऐंशी. माउसचं बटण, पासष्ट. काकाचं बोट पहिल्या दिवशी सत्तर. दादाचा चेहरा उजळला आणि मीच म्हटलं, पुढच्या आठवड्यात मोज.

पुढच्या आठवड्यात बावन्न भरले.

दादानं मला आकडा सांगितला नाही. स्क्रूंच्या खोक्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला. मी तो वाचला आणि मीही त्याला सांगितलं नाही. असे आम्ही दोघं शहाणे. शेवटी त्याला एक लांब पात्याचं बटण मिळालं, कसल्याशा यंत्रात दार बंद झालं की नाही ते ओळखायला वापरतात ते. पात्याच्या टोकावर चौदा स्क्रू ठेवले की दबतं. दादानं ते स्पंजात बसवलं, म्हणजे बोटाला टोचू नये आणि कट्कन वाजूही नये.

कारण यंत्र बिनआवाजाचं करायचं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. इतकी वर्षं काका गिरणीच्या नावानं ओरडला, आता तीच गिरणी उशाशी चोवीस तास लावायची, हे त्याच्या जिवावर आलं होतं. प्रोसेसरवर पंख्याऐवजी पत्र्यांचा मोठा थर. एसएमपीएस असा की तापल्याशिवाय त्याचा पंखा फिरतच नाही. समोरचा निळा दिवा काकाच्या डोळ्यांना टोचेल म्हणून त्यावर काळी पट्टी. सुरू केल्यावर मी विचारलं, लागला का रे? दादा म्हणाला, लागलाय. मी कान लावला तर आत काही म्हणजे काही नाही. काका उताणा पडून पडद्याकडे बघत होता. त्यानं पहिला शब्द जुळवायला नऊ मिनिटं घेतली. यंत्र बाईच्या आवाजात म्हणालं, "छान." दादा बोळात जाऊन रडला. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.

पडदा दिसतो तो उताणं असताना. पण काकाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि कुशीवर थुंकीही बाहेर ओघळते. डाव्या कुशीवर तोंड भिंतीकडे. तेव्हा पडदा दिसत नाही, नुसतं बटण हातात. त्यासाठी दादानं दुसरी सोय केली. बटण दाबलं की दुकानात घंटी वाजेल. पहिल्याच दिवशी ती अकरा वेळा वाजली, कारण काकाचं बोट त्याच्या नकळत फडफडतं. अकरा वेळा आम्ही जीव मुठीत धरून धावलो. दादा म्हणाला, असंच चाललं तर बाराव्या वेळी आपण रमतगमत जाऊ, आणि तीच खरी असेल. म्हणून त्यानं ठरवलं, चार अंक मोजेपर्यंत दाबून धरलं तरच घंटी. काकाला समजावलं. काकानं दहा वेळा करून दाखवलं. प्रत्येक वेळी दादा पलंगाशी उभा राहून म्हणायचा, वाजली, काका.

पहिला आठवडा मी रजा काढली. दुसऱ्या सोमवारी कामावर गेले.

त्या दिवसाबद्दल लिहायला मला अजून भीती वाटते. अडीचला घरी आले. दुकानात एक गृहस्थ बसले होते, त्यांना रंगीत दिव्यांचा कॉम्प्युटर हवा होता. पंखे रंगीत, रॅम रंगीत, कीबोर्डच्या प्रत्येक अक्षराखाली वेगळा रंग. दादा त्यांना समजावत होता की दिव्यांनी वेग वाढत नाही, आणि ते दादाला समजावत होते की वाढतो. बोळाचं दार लावलेलं होतं, गिऱ्हाइकांच्या गलक्याचा काकाला त्रास नको म्हणून. मी दार उघडलं, आत गेले, आणि पिशवी हातातून पडली.

काका भिंतीकडे तोंड करून होता. उशी मानेपर्यंत भिजलेली. ओठ जांभळे. डोळे उघडे आणि भिंतीवर रोखलेले, आणि छाती वर जात होती पण हवा जेमतेम आत जात होती. घशातून एक बारीक घरघर येत होती. मी बोटाला कापड गुंडाळून त्याचं तोंड मोकळं केलं, पालथा केला, पाठ थोपटली, आणि दादाला हाक मारली ती कशी मारली मला आठवत नाही. दिव्यांचे गृहस्थ नंतर म्हणाले की ते त्या आवाजानंच उठून गेले.

श्वास मोकळा झाला. किती मिनिटांनी ते ठाऊक नाही. काकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दादा जमिनीवर बसून नुसता बटणाकडे बघत होता. बटण काकाच्या हाताखालीच होतं. सरकलं नव्हतं. यंत्र सुरू होतं.

"घंटी वाजली नाही," दादा म्हणाला. "मी दुकानात होतो. देवाशपथ वाजली नाही."

यंत्रात प्रत्येक दाबण्याची नोंद राहते. दादानं ती काढली. दोन वाजून सहा मिनिटांनी, सातव्या मिनिटाला आणि आठव्या मिनिटाला. तीन वेळा दाबलं होतं. तिन्ही वेळा दोन अंकांच्या आत सोडून दिलेलं.

आम्ही दोघांनी एकच अर्थ काढला. बोट गेलं.

दादानं कागदी पेला आणला. स्क्रू मी टाकले. एकतीस. बटणाला लागतात चौदा. बोट होतं, दुपटीहून जास्त ताकद होती. हे बघून दादाला धीर यायला हवा होता, तर तो आणखी पांढरा पडला. बोट शाबूत असेल तर चूक यंत्राची, आणि यंत्र त्याचं.

पुढचे तीन दिवस दुकान बंद. दादानं बटण बदललं, बटणाची तार बदलली, मदरबोर्डची सेटिंग पहिल्यापासून तपासली, रॅम काढून पुसून परत बसवली. काही सापडलं नाही. रात्रंदिवस पलंगाशी खुर्चीवर. जेवण मी हातात द्यायची तर घास तोंडापर्यंत नेऊन थांबायचा आणि काकाच्या छातीकडे बघायचा. मीही त्याच्यापेक्षा शूर नव्हते. कामावर चष्म्याची काच चाकावर धरलेली असायची आणि मनात ती भिजलेली उशी. दुपारी गल्लीच्या कोपऱ्यावरून वळले की आधी दुकानाची फळी बघायची. बंद दिसली तर भीती, उघडी दिसली तर जास्त भीती.

चौथ्या दिवशी दादा म्हणाला, हे यंत्रच टाकून देतो. सगळे भाग नव्यानं निवडतो. काहीतरी चुकलंय आणि ते मला दिसत नाहीये. आणि तो पुन्हा यादी करायला बसला. प्रोसेसर, मदरबोर्ड, सगळं पहिल्यापासून. मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि रागातच मला काकाचा वर केलेला हात आठवला.

"दादा, तू त्याला विचारलंस का?"

तीन दिवस दादानं यंत्राची प्रत्येक तार तपासली होती. यंत्र सारखं उघडून ठेवलेलं, बटण सारखं काढलेलं, त्यामुळे काकाला एक अक्षरसुद्धा जुळवता आलं नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर "सांगू नका, ऐकवा" म्हटलं, त्याचंच आम्ही ऐकलं नव्हतं.

काकाला उताणा केला, पडदा समोर आणला, बटण हातात दिलं. मी विचारलं, त्या दिवशी काय झालं? अक्षरं उजळत गेली. सहा मिनिटांनी यंत्र म्हणालं, "आवाज नाही."

दादानं धावत जाऊन स्पीकरचा आवाज वाढवला. काकानं डोळे घट्ट मिटले. नाही म्हणायची त्याची ती खूण. मला वाटलं, त्याच्या स्वतःच्या आवाजाबद्दल म्हणतोय, आणि मला भडभडून आलं. काकानं पुन्हा डोळे मिटले, या वेळी चिडून. मग पुन्हा अक्षरं. "पंखा."

मी छताचा पंखा लावला.

काकानं अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं की त्याला बोलता येत असतं तर मला ठिणगीपेक्षा मोठं काहीतरी म्हणाला असता. त्यानं पुन्हा सुरुवात केली. अर्धा तास लागला. आम्ही दोघं पलंगाच्या कडेला बसून एकेक अक्षर बघत होतो. शेवटी बाईच्या त्या थंड आवाजात यंत्र म्हणालं:

"यंत्र गप्प. मेलं वाटलं."

तेव्हा कळलं. भिंतीकडे तोंड, पडदा दिसत नाही, दिव्यावर पट्टी. घंटी वाजते ती दुकानात, बोळाचं दार बंद. बटणाचं कट्कन स्पंजानं मारलेलं. आणि यंत्राच्या पोटात कसलीही गुणगुण नाही. ज्याला पन्नास वर्षं आवाजावरून कळत आलंय की वस्तू जिवंत आहे की नाही, त्याच्या उशाशी आम्ही मुकं खोकं ठेवलं होतं. घशात थुंकी साठली तेव्हा त्यानं बटण दाबलं. काही ऐकू आलं नाही. सोडलं, पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा. मग त्याची खात्री पटली की यंत्र बंद पडलंय. बंद सेटचं बटण कोण दाबून धरतं? म्हणून त्यानं उरलेला सगळा श्वास घशातून हाक मारण्यात घातला, आणि त्या हाकेनंच थुंकी आत ओढली गेली.

आणखी दोन अंक धरलं असतं तर घंटी वाजली असती. आम्ही धावलो असतो. बावीस मिनिटं तो भिंतीकडे बघत होता, आणि त्याला वाटत होतं की आपल्याला सोडून सगळे निघून गेलेत. हे त्यानं जुळवून सांगितलं नाही. मला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं आणि मी अजून विसरू शकत नाही.

दादानं काकाचा हात आपल्या गालाला लावून धरला. यंत्र पुन्हा बोललं.

"गिरणी आण."

दुकानात फळीखाली मोडक्या भागांचं एक खोकं आहे. त्यात वर्षानुवर्षं काढून टाकलेले पंखे असतात. दादा ते खोकं घेऊन आला आणि एकेक पंखा बॅटरीला लावून काकाच्या कानाशी धरू लागला. नवे नाही, मोडकेच, कारण नवे वाजत नाहीत. पहिल्याला काकानं डोळे मिटले. दुसऱ्याला मिटले. पाचवा एका जुन्या कॅबिनेटमधला होता, त्याचं बेअरिंग झिजलेलं, फिरताना घर्र घर्र करत मधेच खोकल्यासारखा अडखळायचा. काकाचे डोळे उघडे राहिले. आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला वापरलेला स्क्रू न देणाऱ्या माझ्या भावानं तो झिजका पंखा काकाच्या यंत्रात बसवला, अशा बेतानं की यंत्र थांबलं तर तोही थांबेल. दिव्यावरची पट्टी काढली. स्पंजही काढला, म्हणजे बटण कट्कन वाजेल. घंटी दुकानात वाजेल तशी काकाच्या उशाशीही वाजेल अशी केली. आणि बोळाचं दार बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं.

या गोष्टीला पाच महिने झाले. भीती गेली का असं कुणी विचारलं तर नाही. उलट आता ती घरभर ऐकू येते. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना माझा एक कान त्या घरघरीकडे असतो. मधेच ती अडखळते आणि दोघांचे हात थांबतात. मग पुन्हा लागते आणि आम्ही काहीच झालं नाही असं दाखवतो. गेल्या महिन्यात काकानं दहा मिनिटं घालवून जुळवलं, "बेअरिंग. महिनाभर टिकेल." दादानं पंखा उघडून बघितला. आत तेल संपलं होतं. त्यानं तेल घातलं आणि तसाच वाजणारा दुसरा पंखा शोधून बाजूला ठेवला. बाजारात लोक विचारतात, अहो, बिघडलेला पंखा कशाला हवा? दादा सांगत बसत नाही.

पेल्याचं मोजणं दर सोमवारी असतं. आता दादा आकडा खोक्याच्या आत लिहीत नाही, मोठ्यानं सांगतो, कारण काकाला तो ऐकायचा असतो. परवा एकोणीस भरले. बटणाला लागतात चौदा. मधे पाच स्क्रू आहेत, आणि ते पाच स्क्रू सोडून मला दुसरं काही सुचत नाही. दादा पापणीच्या हालचालीवर चालणारा कॅमेरा शोधतोय. तीन मागवलेत, दोन परत केलेत. या वेळी तो याद्या दुकानात करत नाही. पलंगाशी बसून एकेक भाग काकाला वाचून दाखवतो, काका डोळे मिटतो किंवा उघडे ठेवतो.

आज अडीचला मी कोपऱ्यावरून वळले. फळी उघडी होती. पायरी चढण्याआधी मी थांबले आणि ऐकलं. गिरणी चालू होती. आत दादा गिऱ्हाईक सोडून बोळाच्या तोंडाशी उभा होता, दिवसातून पन्नास वेळा उभा राहतो तसा, आणि तोच एक प्रश्न विचारत होता.

"काका, ठीक ना?"

बटण कट्कन वाजलं. मग बराच वेळ नुसती घरघर. मग पुन्हा कट्कन, पुन्हा थांबणं. दादानं दाराची चौकट धरली होती, आणि मी पायरीवरून हलले नव्हते. शेवटी यंत्रातली बाई बोलली.

"अजून तरी."